ऑक्टोबरच्या पानावरचा माणूस

पाणी सपाट असतं, हे एल्डन क्रॉवेलला कुणी सांगायची गरज नव्हती. स्नेलबरो गावाच्या पाणीखात्यात तो नमुने तपासायला होता, आणि गावातल्या प्रत्येक तळ्याची न् टाकीची पातळी त्याला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा जास्त पाठ होती. म्हणूनच ऑक्टोबरच्या पहिल्या सकाळी न्याहारीच्या हॉटेलात भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं गेलं, तेव्हा बाकीच्यांना लाल क्रॅनबेऱ्यांच्या समुद्रात छातीभर बुडालेला हसरा ओइवा हार्यू दिसला आणि एल्डनला चूक दिसली.

दिसलेली चूक गिळून वर कॉफी पिणं काही लोकांना जमतं. अशा लोकांचे संसार सुखाचे होतात आणि त्यांना वाढदिवसाची आमंत्रणंही येतात. एल्डन त्यांच्यातला नव्हता. त्याने काटा खाली ठेवला, चष्मा पुसला, कॅलेंडरपाशी जाऊन चित्राला नाक लावलं आणि म्हणाला, "हा फोटो खोटा आहे."

आता, हे कॅलेंडर साधंसुधं नव्हतं. गावच्या आगीच्या बंबासाठी वर्गणी म्हणून ते दरवर्षी निघायचं आणि घरोघर लागायचं. बाकीच्या महिन्यांत काहीही चाले, दीपगृह, बर्फ, एका वर्षी तर कुणाचं तरी मांजर. पण ऑक्टोबर म्हणजे क्रॅनबेरीची काढणी. त्या पानावर यायला माणसं जन्मभर दबा धरून बसायची. आणि हा फोटो ज्याचा होता तो ओइवा तिथेच पॅनकेक खात होता, आणि जिने काढला होता ती डोलोरेस टवारेस त्याच्या शेजारी बसली होती. कॅलेंडरच्या समितीची प्रमुखही तीच. थोडक्यात, तोंड बंद ठेवायला याहून चांगली सकाळ सापडली नसती.

"खोटा म्हणजे?" डोलोरेसने शांतपणे विचारलं. तिचा शांतपणा गावात सगळ्यांना माहीत होता.

"मागे बघा," एल्डन म्हणाला. "हा मागचा गडी मांडीभर पाण्यात उभा आहे. ओइवा त्याच्यापासून चार हातांवर, आणि त्याच्या छातीला पाणी. पाणी सपाट असतं. ओइवाचं खाचर तर त्याहून सपाट, तो स्वतःच सांगतो, गोटी ठेवली तर घरंगळायची नाही म्हणून. मग एकाच सपाट जमिनीवर एक माणूस मांडीभर आणि दुसरा छातीभर कसा बुडेल? गुडघे टेकले की माणूस हातभर खाली जातो. इथे फरक बरोबर हातभर आहे. म्हणजे ओइवाने गुडघे टेकलेत. फोटोसाठी."

सगळं हॉटेल ओइवाकडे वळलं. ओइवा हार्यू सत्तरी ओलांडलेला, बोलका, भांडकुदळ माणूस. तण काढायचं औषध कुठलं चांगलं यावरून त्याने एका पाद्रीबुवांशी बोलणं टाकलं होतं. तो आता टेबल उलटणार असं सगळ्यांनी धरलं.

"हो," ओइवा म्हणाला. "टेकले होते. सिरप इकडे दे."

एवढंच. एल्डनला स्वतःलाच थोडं चुकल्यासारखं झालं. सिद्धान्त इतक्या पटकन मान्य झाला की सिद्धान्त मांडणाऱ्याला करमत नाही.

डोलोरेसने मात्र ओइवाकडे एकदा पाहिलं, मग एल्डनकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "छान," ती म्हणाली. "मग पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरचा ऑक्टोबर तू काढ, एल्डन. खरा. हातभर इकडे नाही, हातभर तिकडे नाही."

"काढेन की," एल्डन म्हणाला, आणि त्याने तो शब्द सगळ्या गावासमोर दिला, कारण सगळं गाव तिथे न्याहारीला होतं.

घरी विनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, बातमी त्याच्या आधी पोचली होती. ती वाटाणे सोलत होती. "तुला फोटो काढता येतो?" तिने विचारलं.

"त्यात काय, प्रकाश, अंतर आणि वेळ. तिन्ही मोजता येतात."

"आपल्या लग्नानंतरच्या सहलीचे फोटो आठवतात? त्यात मी आहे असं तू म्हणतोस म्हणून मी मानते."

एल्डनने तो विषय वाढवला नाही. खरा फोटो म्हणजे काय, हा प्रश्न त्याला मनापासून पडला होता. काढणी तो लहानपणापासून बांधावरून बघत आला होता, पण आता प्रथमच त्याला वाटलं की आपल्याला तिच्यातलं काहीच नीट माहीत नाही. त्याने बाजारातून मूठभर क्रॅनबेऱ्या आणल्या, करवंदाएवढी ती लालभडक फळं ब्लेडने आडवी कापली आणि आतले हवेचे चार कप्पे भिंगाखाली पाहिले. ह्या कप्प्यांमुळेच फळ तरंगतं, आणि तरंगतं म्हणूनच खाचरात पाणी सोडून ते काढता येतं. मग चांगलं फळ उसळतं आणि नासकं धप्पकन पडतं हे खरं का, ते त्याने जिन्यावरून तपासलं. खरं निघालं. पुढचा आठवडाभर विनी जिना उतरताना पायाखाली बघत होती.

फोटो काढायचा म्हटल्यावर सल्ल्यांना काय तोटा. शेजारचा चेस्टर बॅसेट हा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर इतरांची पत्रं वाहिल्यामुळे की काय, आता त्याच्याकडे सगळ्यांना सांगण्यासारखं काहीतरी असायचं. तो कुंपणावर कोपरं ठेवून म्हणाला, "उंचावरून घे. बांधावरून घेतलास तर नुसती लाल रेघ येते. सगळे तिथेच फसतात."

"म्हणजे शिडी?"

"शिडी. खाचराच्या मधोमध. आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवू नकोस. फोटोत सावली पडते त्याची."

"पट्ट्याची सावली कशी पडेल? सूर्य जर मागे असेल—"

"माझा मेहुणा फोटो काढायचा," चेस्टर म्हणाला. ह्या वाक्यावर कुठल्याही शास्त्रात उत्तर नाही.

शिडीची कल्पना एल्डनला पटली. पण तो स्वतः सरकारी माणूस. पाणथळ जागेत काही उभं करायचं तर नगर कार्यालयाला विचारायला हवं, हे त्याला माहीत होतं, आणि ज्याला माहीत असतं तोच मरतो. कार्यालयात पाणथळ जागांच्या टेबलाशी प्रिसिला नाय बसायच्या. एल्डन आणि त्या रोज एकाच खोलीत डबा खात. पण टेबलाच्या त्या बाजूला बसल्या की त्या त्याला ओळखत नसत.

"मिस्टर क्रॉवेल, तुम्हाला पाणथळ जागेत बांधकाम करायचंय."

"बांधकाम नाही. शिडी."

"तिचे पाय जमिनीला टेकतात?"

"टेकले नाहीत तर ती शिडी कसली?"

"मग बांधकाम. शेजाऱ्यांना सूचना द्यायची, पेपरात जाहिरात द्यायची, मग सुनावणी. पुढची सुनावणी नोव्हेंबरात आहे."

"पीक ऑक्टोबरात निघतं."

"ते पिकाने बघायचं," प्रिसिलाबाई म्हणाल्या. मग इकडे तिकडे बघून, डब्याच्या वेळच्या आवाजात, "शेतीच्या कामाला सूट आहे, एल्डन. शेतमजुराने शेतीसाठी शिडी लावली तर आम्ही विचारतसुद्धा नाही."

"पण मी शेतमजूर नाही."

"ते तुम्ही बघायचं, मिस्टर क्रॉवेल."

अशा रीतीने पाणीखात्यातला एक पदवीधर कर्मचारी सुट्टीचा अर्ज टाकून ओइवा हार्यूच्या खाचरावर मजुरीला गेला. ओइवाने त्याला डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं. "मजूर म्हणजे मजूर," तो म्हणाला. "सकाळी दाताळं धरायचं. बेऱ्या नळाकडे लोटायच्या. फोटो नंतर."

"आणि शिडी?"

"बेऱ्यांभोवती आम्ही तरंगता पट्टा घालतो. शिडीवरून तू मला सांगायचं, त्यातून बेऱ्या निसटतात का. झालं शेतीचं काम. प्रिसिलाला सांग, ओइवाने शब्द दिलाय."

त्याने त्याला छातीपर्यंत येणारी रबरी विजार दिली. ती ओइवाच्या गेलेल्या मेव्हण्याची होती आणि मेव्हणा आडव्या अंगाचा होता. एल्डन तिच्यात उभा राहिला की दोन माणसांनी मिळून एक तंबू घातल्यासारखं दिसे.

दिवस मात्र ठरेना. ओइवा थंडीची वाट बघत होता, कारण थंडीच्या रात्री पडल्या की बेरी रंग धरते. एल्डन वारा पडायची वाट बघत होता, कारण वाऱ्याने सगळ्या बेऱ्या एका कोपऱ्यात जमतात. आणि डोलोरेस पाण्याची वाट बघत होती. तिचं खाचर ओइवाच्या खालच्या अंगाला. तळ्याचं पाणी आधी ओइवाकडे यायचं, त्याचं पीक निघालं की बांधातल्या दाराच्या फळ्या उचलायच्या आणि तेच पाणी डोलोरेसकडे. हार्यू आणि टवारेस यांच्यात ही पाण्याची पाळी दोघांच्या आजोबांपासून चालत आली होती. एक फिनलंडहून आलेला, दुसरा केप व्हर्डच्या बेटांवरून. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, म्हणून त्यांच्यात कधी भांडण झालं नाही. भांडणं पुढच्या पिढ्या इंग्रजी शिकल्यावर सुरू झाली.

शेवटी एक थंड, स्वच्छ दिवस उजाडला. आदल्या दिवशी पाणी भरून त्यात रवीसारखं फिरणारं यंत्र चालवून झालं होतं, आणि वेलींवरून सुटलेल्या बेऱ्या सगळ्या खाचरभर तरंगत होत्या. एल्डनने तो रंग बघितला आणि क्षणभर मोजमाप विसरला. मग सकाळभर त्याने दाताळं धरलं. पिवळ्या तरंगत्या पट्ट्याने बेऱ्या घेरायच्या, घेर आवळत आणायचा, आणि मधल्या नळाकडे लोटायच्या. नळ त्या शोषून वर ट्रकात टाकत होता. एल्डनला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं होतं. बेऱ्या कडेला का चिकटतात, पट्ट्याला फुगे कशाला, वारा बदलला की पट्टा का बदलायचा. ओइवा एकेका प्रश्नाला तीन तीन उत्तरं देत होता, आणि त्यांतलं एकतरी खरं असायचं.

दुपारी शिडी आली, दोन्ही बाजूंना पायऱ्या असलेली. ओइवाने ती स्वतः घेर आवळला होता तिथे पाण्यात रोवली, हलवून पाहिली आणि म्हणाला, "उतरशील तेव्हा ह्या बाजूने उतर. त्या बाजूने नाही."

"का?"

"मी सांगतोय म्हणून."

सकाळपासून प्रथमच त्याने कारण दिलं नव्हतं. एल्डनने याची मनात नोंद केली, पण वर प्रकाश इतका सुंदर होता की नोंद तशीच राहिली.

वरून दृश्य अप्रतिम होतं. फक्त वारा थोडा होता. "पाच मिनिटं थांब," एल्डन म्हणाला, "वारा पडू दे." ओइवाने नळ थांबवला. वारा पडला तर ढग आला. ढग गेला तर एक गडी फोटोच्या मध्ये शिंकत उभा राहिला. खालून डोलोरेसचा फोन ओइवाला आला. "माझं पाणी कुठंय?"

"येतंय."

"कशात अडकलंय?"

"कलेत," ओइवा म्हणाला आणि फोन ठेवला.

आता एक गोष्ट, जी खाचरावरच्या सगळ्यांना माहीत असते आणि म्हणून कुणी सांगत नाही. खाचरात कोळी असतात, भरपूर, बोटभर लांब पायांचे, तपकिरी. ते जाळी विणत नाहीत, पळत जाऊन किडे पकडतात, म्हणून शेतकरी त्यांना जपतात. पाणी चढलं की हे कोळी बेऱ्यांवरून धावत सगळ्यात उंच कोरडी जागा शोधतात. रोज ती जागा म्हणजे माणसं. म्हणून खाचरातली माणसं सतत हलत असतात, खांदे झटकतात, टोप्या आपटतात. आज मात्र खाचरात एक उंच शिडी होती, आणि तिच्यावर न हलणारा एक माणूस. गडी खुश होते. आज अंगावर एकही कोळी कसा नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. आणि ते शिडीकडे बघत नव्हते.

पहिला कोळी बुटावर आला तेव्हा एल्डनला आनंद झाला. डोळ्यांची मांडणी बघायला तो वाकला. दोन मोठे डोळे मध्ये, चार खाली ओळीत. दुसरा आला, तिसरा आला. मग त्याने शिडीच्या खालच्या पायऱ्या बघितल्या. त्या लाकडी होत्या असं त्याला आठवत होतं, पण आता त्या हलत होत्या.

घाबरला असं म्हणता येणार नाही. तो फक्त उतरण्याच्या बाजूविषयी पुन्हा विचार करू लागला. ओइवाने सांगितलेल्या बाजूने कोळी चढत होते. दुसरी बाजू तुलनेने मोकळी होती. जमीन सपाट, पाणी सपाट, मांडीभर खोली. ज्या बाजूने उतरू त्या बाजूला तेवढीच. हा विचार इतका निर्दोष होता की एल्डनने तो करता करताच पाऊल टाकलं.

पाऊल जिथे टेकायला हवं होतं तिथे टेकलं नाही. ते आणखी खाली गेलं, आणि आणखी खाली, आणि त्याच्यामागून एल्डन गेला. छातीपर्यंत. रबरी विजारीत मेव्हण्याच्या वाट्याची जी मोकळी जागा होती तिच्यात थंडगार पाणी धबधब्यासारखं शिरलं. पट्टा गळ्यात नव्हता, म्हणून कॅमेरा हातातून सुटला. क्रॅनबेरी तरंगते, कॅमेरा तरंगत नाही. त्यात हवेचे कप्पे नसतात.

सगळीकडून बेऱ्या त्याच्याभोवती दाटून आल्या. हलता येईना. टोपीवर कोळी होते, बाहीवर होते, आणि एक अगदी नाकासमोर बेऱ्यांवरून चालत होता. पाय ठेवला की बेरी किंचित दबायची, वळायची, पण बुडायची नाही. आणि बेरी वळायच्या आत कोळी पुढच्या बेरीवर असायचा. आपण बुडालो आहोत, गारठलो आहोत, आपला कॅमेरा गेला आहे, हे एल्डनला माहीत होतं. पण कोळी वळत्या बेरीवर तोल कसा सांभाळतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याने मान तिरकी करून, एक हात वर धरून, तोंड किंचित उघडं ठेवून ते बघायला सुरुवात केली.

नेमकी तेव्हाच पाण्याचं काय झालं ते विचारायला डोलोरेस बांधावर येऊन पोचली. तिने एक फोटो काढला.

"गुडघे टेकलेस का, एल्डन?" तिने वरून विचारलं.

एल्डनने सत्य सांगायला तोंड पूर्ण उघडलं. पण ओइवा पाणी कापत धावत येत होता, ह्या वयात माणसाने धावू नये इतका. "टेकलेत, टेकलेत," तो ओरडला. "उठतोच आहे तो. उरलेल्या बेऱ्या गडी तोवर ओढतील, तू फळ्या काढायला घे, डोलोरेस. पाणी तुझं."

तिने दोघांकडे बघितलं, फोन खिशात घातला आणि फळ्या काढायला गेली.

तळ्याच्या काठी ओइवाची सौना होती, लाकडाची छोटी खोली, आत तापलेले दगड आणि तीन पायऱ्यांची फळकुटं. काढणीच्या दिवशी संध्याकाळी ती पेटवायची हा हार्यूंच्या घरचा नेम. एल्डनला तिने त्या दिवशी न्यूमोनियापासून वाचवलं. दोघं वरच्या फळकुटावर उघडेबंब बसले होते. ओइवाने दगडांवर पाणी टाकलं. वाफ फुसकारली.

"नियम माहीत आहे?" ओइवाने विचारलं.

"कुठला?"

"इथे दोन गोष्टी आणायच्या नाहीत. कपडे आणि थापा. आणि इथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही."

"बरं. मग मला सांग, तिथे चर कुठून आला? नगर कार्यालयातल्या नकाशात तुझा चर बांधाच्या कडेने आहे. मी नकाशा बघून आलोय."

ओइवाने दगडांवर आणखी थोडं पाणी टाकलं. त्याच्या भुवयांवरून घाम टपकत होता. "नकाशा जुना आहे. आडवा चर मागच्याच्या मागच्या वसंतात काढला, निचरा होत नव्हता म्हणून. मी स्वतः आखला, स्वतः यंत्र लावून खणला."

"आणि फोटोच्या दिवशी तू—"

"पाय, एल्डन. पाय जुन्या खाचरात चालत होते. पन्नास वर्षं तिथे जमीन होती. रवी चालवताना कडेला खुंट्या लावतो, पण बेऱ्या गोळा करताना काढून घेतो, पट्टा अडकतो म्हणून. चालत गेलो आणि गेलो खाली." त्याने मांडीवर थाप मारली. "बापाने खणलेल्या चरात जन्मात कधी पडलो नाही. मी खणलेल्यात पडलो. वर बघतो तर डोलोरेस, फोन घेऊन. म्हणे, छान दिसतोयस. मग मी हसलो. तू काय केलं असतंस?"

एल्डन विचार करत होता. "म्हणजे माझं अनुमान चुकलं."

"अनुमान बरोबर होतं. फक्त माझ्या शब्दावर तू जमीन सपाट धरलीस."

"मग तू त्या दिवशी कबूल का झालास? गुडघे टेकले म्हणून?"

"तू इतकं छान समजावून सांगितलंस," ओइवा म्हणाला. "मलाही पटलं." मग त्याचा आवाज उतरला. "फोटोसाठी गुडघे टेकणारा माणूस म्हणजे नखरेल. स्वतःच्या चरात पडणारा म्हणजे म्हातारा. नखरेल मला चालतं. पोरगी बॉस्टनला आहे माझी. दर रविवारी फोन करून विचारते, बाबा, आता बस झालं ना. तिला हे कळलं तर पुढच्या काढणीला रवीवर दुसरंच कुणी बसलेलं असेल आणि मी बांधावर खुर्ची टाकून. घोंगडी पांघरून."

वाफ हळूहळू बसली. बाहेर दारातून सुटलेलं पाणी खाली डोलोरेसच्या खाचराकडे वाहत असल्याचा आवाज येत होता.

"आज मी तुला त्या बाजूने उतरू नको म्हणालो होतो," ओइवा म्हणाला.

"कारण सांगितलं नाहीस."

"कारण सांगितलं असतं तर तू उतरला नसतास. पण मग पुढचे चार प्रश्न विचारले असतेस."

हे नाकारता येण्यासारखं नव्हतं. नंतर ओइवाने वेलदोडा घातलेला गोड पाव, ज्याला त्याच्या घरी निसू म्हणत, कापून दिला, आणि दोघांनी तो कॉफीत बुडवून खाल्ला. कॅमेरा दुसऱ्या दिवशी रिकाम्या चरात सापडला. त्याच्या भिंगाआड एक कोळी बसला होता. तो आत कसा गेला याचा उलगडा एल्डनला पुढे महिनाभर झाला नाही.

डिसेंबरात कॅलेंडर आलं. समितीपुढे दुसरा फोटोच नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसरा लागलाही नसता. नव्या ऑक्टोबरच्या पानावर लाल समुद्रात छातीभर बुडालेला एक माणूस होता. एक हात वर, टोपीवर कोळ्यांचा तुरा, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगात त्याच्या नाकासमोरच्या वीतभर जागेपलीकडे काही उरलेलंच नाही. मागे एक गडी मांडीभर पाण्यात उभा होता. विनीने ते पान बराच वेळ पाहिलं. "बघ," ती म्हणाली, "तुझा चेहरा लग्नात असा असायला हवा होता."

शनिवारी न्याहारीला हॉटेल भरलं होतं. कॅलेंडर टेबलाटेबलावरून फिरत होतं. फिरत फिरत ते चेस्टरच्या हातात आलं, आणि चेस्टरने ते उंच धरलं, पोस्टमन नोंदणीचं पाकीट धरतो तसं.

"एल्डन," तो म्हणाला, "पाणी सपाट असतं ना?"

"असतं."

"ओइवाचं खाचर सपाट आहे ना?"

एल्डनने ओइवाकडे पाहिलं नाही. पण पलीकडच्या टेबलावर पॅनकेक कापणारी सुरी थांबलेली त्याला ऐकू आली. सुरी थांबलेली ऐकू येते, फक्त त्यासाठी एरवी ऐकण्याची सवय असावी लागते.

"गोटी घरंगळायची नाही, इतकं," एल्डन म्हणाला.

"मग हा मागचा मांडीभर आणि तू छातीभर, ते कसं काय बाबा? हातभर फरक दिसतोय मला."

सगळं हॉटेल हसायला टपलं होतं. एल्डनकडे उत्तर तयार होतं, खरं, नेमकं, एका वाक्याचं. ते सांगितलं असतं तर त्याची अब्रू जागच्या जागी परत आली असती. शिवाय फोटो प्रामाणिक आहे हेही सिद्ध झालं असतं, आणि तो नेमका तेवढ्यासाठीच तर मजूर झाला होता. फक्त त्या वाक्यात चर हा शब्द आला असता. मग कुणीतरी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्याचं ऑक्टोबरचं पान शेजारी धरलं असतं, कारण दोन्ही फोटोंत मागे तोच एक वाकडा पाइन होता. एल्डनने जन्मात प्रथमच एक चूक बघितली आणि गिळली. ती घशात बरीच अडली.

"हो," तो म्हणाला. "गुडघे टेकले होते. फोटोसाठी. सिरप इकडे दे."

हॉटेल हसलं, मनसोक्त, पुढची कैक वर्षं पुरेल इतकं. त्या गदारोळात सिरपची बाटली पलीकडच्या, लागूनच असलेल्या टेबलावरून निघून, मध्ये कुणीही हात न लावता, सरळ एल्डनसमोर येऊन थांबली. ओइवाने ती अशी सरकवली होती की टेबलही सपाट असावं.

डोलोरेसने चेस्टरच्या हातातून कॅलेंडर घेतलं. तिने आधी ते पाहिलं, मग भिंतीवरच्या जुन्यातलं ऑक्टोबरचं पान उलटून पाहिलं, मग तो पाइन पाहिला. तीही क्रॅनबेरीचीच शेतकरीण. तिच्या खाचरातही चर होते.

"ओइवा," ती कॅलेंडर मिटत म्हणाली, "पुढच्या काढणीला तिथे एक खुंटी राहू दे. पट्टा अडकला तरी चालेल."

"कशाला?" ओइवाने बशीत बघत विचारलं.

"लोकांना गुडघे टेकायला ती जागा फार आवडते, असं दिसतंय," डोलोरेस म्हणाली आणि तिने एल्डनच्या कपात कॉफी ओतली, अगदी काठापर्यंत.